पटावर नसलेली मुलगी

संस्थेचा फॉर्म आला आहे, चार पानी.
लाभार्थी किती? पैकी मुली किती?
हजेरी वाढली का? असल्यास टक्के लिहा.
मी मानेओ, लेसोथोच्या डोंगरात
खिंडीपलीकडच्या शाळेची बाई.
टक्के मला जमतात. लिहीन.

आधी आम्ही चर्चच्या पडवीत बसायचो.
फळा म्हणजे कुणाच्या तरी पडक्या घराचं दार,
त्याची कडी तशीच होती.
बेरीज करता करता कडीपाशी आले
की हातचा एक तिथं अडकवून ठेवायची मी,
पोरं खिदळायची.
जूनमध्ये बर्फ पडला की शाळा आपोआप बंद.
मुलगे मेंढरांमागे,
मुली कुठे, ते मुलींनाच ठाऊक.

मग पैसे आले.
समुद्रापलीकडच्या एका सपाट देशातून,
जिथं म्हणे एकही डोंगर नाही,
एका पाव भाजणाऱ्या माणसाकडून.
मुलीच्या शिक्षणाला म्हणून साठवलेले.
मुलगी राहिली नाही,
पैसे राहिले.

सिमेंट गाढवांच्या पाठीवरून आलं.
एक पोतं नदीत गेलं, ते हिशेबात आहे.
दगड गावचे. वाळू बायकांनी डोक्यावरून आणली,
ती हिशेबात नाही, तिला रकानाच नाही.
दोन खोल्या झाल्या, एक शेगडी,
आणि मुलींच्या संडासाला आतून कडी.
(टक्के हवेत ना? या कडीचे आधी लिहून घ्या.
सातवीतल्या मुली आता
महिन्याचे चारही आठवडे येतात.)

दारावर पितळी पाटी. एकच शब्द:
फेन्ना.
देणाऱ्यानं स्वतःचं नाव लावलं नाही.

गंमत अशी की पुस्तकं यायला वर्ष लागलं.
पाटी मात्र होती, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर.
पहिलीतली पोरं तिच्यावर बोट फिरवत शिकली,
पितळ लखलखू लागलं.
पाचच अक्षरं, त्यातली दोन जुळी.
आणि शेवटचं ‘न्ना’:
आमच्या सेसोथोत न्ना म्हणजे मी.
लिहिताना जरा वेगळं, कानाला तेच.
पोरं ‘फे’ हळूच म्हणतात
आणि छातीवर थाप मारून
‘न्ना!’

रेत्सेलिसित्स्वेचं नाव तेरा अक्षरांचं.
थोरला भाऊ गेल्यावर जन्मलेली ती,
तिच्या नावाचा अर्थच ‘आमचं सांत्वन झालं’.
एवढं मोठं सांत्वन
सहा वर्षांच्या मुठीला पेलत नाही,
मध्येच पेन्सिलीचं टोक मोडतं.
म्हणून तिनं वहीवर सोपं नाव घातलं.
तिचं बघून इतरांनी.

इन्स्पेक्टर आले घोड्यावरून, गुडघे चोळत.
वह्या चाळल्या. अकरा वह्यांवर एकच नाव.
‘ही फेन्ना पटावर कशी नाही?
हिची लापशी कुणाच्या नावावर निघते?’
मी म्हटलं, ती जेवत नाही, साहेब.
‘पण शाळेत येते?’

मी शेगडीत शेणी सारत राहिले.
धूर डोळ्यांत गेला, असं म्हणता येईल.

आता रात्र आहे. फॉर्म भरून झाला,
मुली किती, मुलगे किती, टक्के, सही.
शेवटी ‘इतर काही’ म्हणून दीड ओळ मोकळी.
त्या पाववाल्याला कळवावं का हे सगळं?
लेकीच्या नावावर अनोळखी बोटं फिरतात रोज,
त्यानं त्याचं दुःख उजळेल की सोलवटेल,
इथं बसून मला कसं समजावं?
दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
शेवटी एवढंच मावलं:

पाटीवरचं पहिलं अक्षर झिजत चाललं आहे.
कृपया नवी पाठवू नये.